बशीतली चार बटणं

भिंगरीच्या घरात माणसं सहा आणि बाथरूम एक. ही अडचण कुणाही शहाण्या माणसानं एका दिवसात सोडवली असती, पण त्या सहा जणांत तसा कुणी नव्हता.

सगळ्यात आधी आबा उठायचे. म्हातारपणी झोप येत नाही, आणि आली तरी आबा ती मान्य करत नसत. मग आत्या. आत्या गाणं शिकवायची आणि आपला गळा फक्त बाथरूममध्येच उघडतो, असा तिचा शोध होता. खालचा सा लागेपर्यंत ती बाहेर येत नसे, आणि खालचा सा जरा उशिरा उठणारा स्वर होता. मग काका. काका मोटार चालवायला शिकवायचा. आंघोळीला जाताना डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, आणि एकदा आत शिरला की गाडी कायमची लावल्यासारखा आतच राहायचा. मग बाबा, ज्यांचं पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान होतं. मग पोस्टात नोकरीला जाणारी आई. तिची आंघोळ इतकी झटपट व्हायची की ती झाली यावर घरच्यांना विश्वास ठेवावा लागे. आणि सगळ्यांच्या शेवटी, शेंडेफळ म्हणून, भिंगरी.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणापासून तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून ते चिकटलं. खरं नाव फक्त कॉलेजच्या हजेरीत होतं, आणि तिथंही ते पुकारलं की उत्तर दाराबाहेरून यायचं.

याचं कारण अर्थशास्त्राचे सर. पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवायचं तर आधी वेळेची किंमत शिकवली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. म्हणून नऊच्या ठोक्याला वर्गाचं दार बंद. कडी लावायचं काम एका उंच मुलाकडे होतं. त्याला सगळे जमादार म्हणत. "नऊनंतर कुणालाही उघडायचं नाही," सरांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "रडलं तरी नाही, ओरडलं तरी नाही, आवाज ओळखीचा असला तरी नाही." जमादारानं हे मनावर कोरून घेतलं होतं, कारण तिथं दुसरं काहीच कोरलेलं नव्हतं.

त्यामुळे भिंगरीचं पुस्तकातलं पहिलं प्रकरण दाराच्या फटीतून झालं. फटीतून सरांचा एक कान आणि अर्धा फळा दिसायचा. "माणसाच्या गरजा अमर्याद असतात, पण..." एवढं ऐकू यायचं आणि 'पण'च्या पुढचं दाराची फळी गिळायची. तरी एक वाक्य मात्र अख्खं बाहेर आलं. वस्तू थोडी आणि घेणारे फार झाले की तिला टंचाई म्हणतात, आणि टंचाई आली की कुणाला काय मिळणार हे किंमत ठरवते.

भिंगरी फटीपाशी ताठ उभी राहिली. हे तर आमचं बाथरूम, ती मनात म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं घरच्यांची सभा भरवली.

"उद्यापासून बाथरूम फुकट नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" काकानं विचारलं.

"म्हणजे बाजार. प्रत्येकाला सारखी बटणं मिळणार. सकाळी नंबरचा लिलाव. जो जास्त बटणं देईल तो आधी आत."

"आणि जो कमी देईल तो?"

"तो विचार करेल की आपल्याला खरंच आंघोळीची गरज आहे का."

"हा प्रश्न मी काकाला कधीपासून विचारतेय," आत्या म्हणाली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. आई म्हणजे या घरातलं सरकार: फार बोलायची नाही, पण शेवटची सही तिची. "कुणी पाय घसरून पडलं तर भिंगरी जबाबदार," तिनं मंजुरी दिली.

बटणं बाबांच्या दुकानातली. पांढरी, सदऱ्याची, प्रत्येकाला मूठभर.

पहिल्या सकाळी चमत्कार झाला. भिंगरीनं अर्धी मूठ बटणं मोजून पहिला नंबर घेतला. आत्यानं तेवढी बटणं द्यायला साफ नकार दिला आणि तिला प्रथमच कळलं की खालचा सा स्वयंपाकघरातही लागतो. काकानं बटणं वाचवायला घड्याळ लावून आंघोळ केली आणि बाहेर आल्यावर आपण इतके लवकर कसे आलो म्हणून स्वतःच घाबरला. भिंगरी नऊच्या आधी वर्गात शिरली. जमादारानं तिला ओळखलंच नाही. "नवीन का?" त्यानं विचारलं.

त्या दिवशी तिनं सरांना पहिल्यांदा अख्खं पाहिलं. बघण्यासारखं फारसं नव्हतं. एरवी ते म्हणे नेहमी कोटात असत. कोट अस्तर बदलायला टाकला होता आणि त्याच्याशिवाय सर म्हणजे दांडी नसलेली छत्री झाले होते. "मागणी वाढली आणि... ते... ते दुसरं काय असतं, ते तेवढंच राहिलं..." 

"पुरवठा!" अख्खा वर्ग ओरडला.

"हां, तो," सर म्हणाले आणि कोट नसलेल्या छातीशी हात नेऊन नसलेलं बटण चाचपू लागले.

भिंगरी उड्या मारत घरी आली. पण बाजार मांडताना ती एक गोष्ट विसरली होती. जगात कुठंही बटणांचं चलन चाललं असतं, शिंप्याच्या घरात मात्र ते चालणार नव्हतं. बाबांच्या दुकानात कोपऱ्यात बटणांचा एक डबा होता, ज्यात भिंगरी लहानपणी बुडता बुडता वाचली होती. आणि बाबांचा स्वभाव असा, की कुणी हात पसरला की त्यांना नाही म्हणताच येत नसे.

"दादा, जरा चार बटणं दे ना," काका म्हणायचा.

"चारानं काय होतंय? ओंजळ धर."

मग आत्याला ओंजळ. मग काका पुन्हा, टोपी घेऊन. दोन दिवसांत पहिल्या नंबराचा भाव वाटीभर बटणांवर गेला, मग तांब्याभर. आठवड्याच्या शेवटी आत्या बादलीभर बटणं ढकलत लिलावाला आली आणि काकानं हातगाडी कुठं मिळेल याची चौकशी सुरू केली. आंघोळी पूर्वीइतक्याच होत होत्या. उलट बटणं मोजण्यातच सकाळ जायची.

"बाबा, तुम्ही बटणं वाटू नका!" भिंगरी रडकुंडीला आली. "चलनवाढ होतेय!"

"वाढतंय तर चांगलंच की," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुन्हा फटीपाशी. "सर, आत येऊ का?" तिनं विचारलं. आतून सरांचा आवाज आला, "दाराबाहेरच्या विद्यार्थिनीस सूचना. आणखी एकदा बाहेर राहिलात तर परीक्षेच्या दिवशीही बाहेरच."

भिंगरीची पाचावर धारण बसली. अर्थशास्त्र तिला खरोखर आवडायला लागलं होतं, आणि तेही अर्धंच ऐकून. पूर्ण ऐकलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करतच ती घरी आली. आल्या आल्या तिनं पांढरी बटणं रद्द केली. आता अशी बटणं हवी होती, जी बाबांकडे ओंजळभर नसतील.

ती तिला शिवणयंत्राशेजारी सापडली. एका बशीत चार मोठी तपकिरी बटणं होती, कडेला नक्षी असलेली, हातात घेतली की जड लागणारी. आता, शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कळायला हवी: अस्तर बदलायला आलेल्या कोटाची बटणं आधी उतरवतात, बशीत ठेवतात आणि त्यावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी ठेवतात. भिंगरीला हे ठाऊक होतं. पण चिठ्ठी पंख्यानं उडून पलंगाखाली गेली होती, आणि नुसती बशी बघून भिंगरीला वाटलं, देव पावला.

"बाबा, ही घेऊ?"

बाबा सुईत दोरा ओवत होते. "घे गं, घे," ते न बघताच म्हणाले. त्यांना नाही म्हणता येत नसे, हे वर सांगितलंच आहे.

चार बटणं चौघांना मिळाली. आई म्हणाली, "मला नको, मी तशीच जाईन," आणि ती कशी जाते हे कुणाला कधी दिसलंच नाही. आबांना काहीच दिलं नाही, कारण ते सगळ्यांच्या आधी उठून आपोआपच पहिल्या नंबरावर असत. ही दुसरी चूक. पहिला नंबर फुकट मिळालेल्या माणसाला तो विकता येतो, हे भिंगरीला फळीनं ऐकू दिलं नव्हतं.

आबांनी पहिल्या दिवशी आपला नंबर आत्याला विकला. दुसऱ्या दिवशी काकाला. मग बाबांना. मग स्वतः भिंगरीला. चारही बटणं आबांच्या बंडीच्या खिशात गेली आणि बाजार जागच्या जागी थांबला.

"आबा, आता तुम्ही खर्च करा ना," भिंगरी म्हणाली.

"कशावर?"

"आंघोळीवर!"

"मी दुपारी करतो. दुपारी फुकट असतं."

नियमाप्रमाणे बटणाशिवाय कुणाला सकाळी आत जाता येत नव्हतं, आणि नियम मोडायला कुणी तयार नव्हतं. हे घर वेडं होतं, पण बेशिस्त नव्हतं. सगळे आबांच्या खाटेभोवती गोळा व्हायचे. कुणी पाय चेपून देऊ म्हणायचं, कुणी वर्तमानपत्र वाचून दाखवू. आबा सगळं ऐकून घ्यायचे, प्रतिप्रश्न करायचे, "आणखी काय द्याल?" म्हणायचे, आणि खिशावर हात ठेवून हसायचे. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशीही आत्या विना सा, काका विना पार्किंग आणि बाबा विना पाणी कामाला लागले. भिंगरी तशीच धावली म्हणून कशीबशी नऊला पोचली. शेजारच्या बाकावरची मुलगी मात्र तास संपेपर्यंत हळूहळू सरकत तिसऱ्या बाकावर गेली.

"असं नाही चालणार," भिंगरी दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेशी टॉवेल खांद्यावर टाकून उभी राहिली. "आबा, एक बटण. काय हवं ते मागा."

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," आबा खूश होऊन म्हणाले.

"तुम्ही स्वतःलाच गाढव म्हणताय."

"भाव वाढत असेल तर चालेल."

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. बाबांनी दार उघडलं. बाहेर एक बारीक गृहस्थ उभे होते, बगलेत हजेरीचं पुस्तक, दोन्ही हात छातीशी धरून, थंडी वाजत असल्यासारखे. पण थंडी नव्हती.

"कोट," ते म्हणाले. "आज तो हवाच. त्याच्याशिवाय तास रखडतायत. मला मागणी आठवते, पण ते दुसरं आठवत नाही."

"पुरवठा!" आतून भिंगरी ओरडली. सवयीनं.

गृहस्थ दचकले. त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं: खाटेवर बंडीतला म्हातारा, भोवती टॉवेल घेतलेली माणसं, आणि एक मुलगी जिचा आवाज त्यांच्या फार ओळखीचा होता. "तुम्ही... 'सर, आत येऊ का' ना?"

"हो सर," भिंगरी म्हणाली. "सर, आत या ना."

बाबांनी कोट आणला. अस्तर नवं, शिवण सरळ, इस्त्री अशी की हात कापावा. फक्त बटणांच्या जागी चार दोरे लोंबत होते. बाबांनी शिवणयंत्राकडे पाहिलं. रिकाम्या बशीकडे पाहिलं. मग भिंगरीकडे. भिंगरीनं आबांच्या खिशाकडे पाहिलं.

तिनं सगळं सांगितलं. टंचाई, लिलाव, बादली, बशी. सांगताना तिचा आवाज बारीक बारीक होत गेला, कारण एवढ्यानं आपण परीक्षेलाच काय, कॉलेजच्या फाटकालाही मुकणार, अशी तिची खात्री होत चालली होती.

सर खाटेशी गेले. "आजोबा, ती बटणं माझी आहेत."

"असतील," आबा म्हणाले. "कुणाची आहेत ते कोर्टात बघू. केवढ्याला आहेत ते इथं बघू."

आणि इथं एक विलक्षण गोष्ट घडली. सरांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं त्यांनी फळ्यावर बाजार काढला होता, दोन रेघा आणि एक फुली; पण प्रत्यक्ष बाजारात भाजी त्यांची बायको आणायची. "म्हणजे विकणारे तुम्ही एकटेच," ते हळूच म्हणाले, "आणि असं बटण दुसरीकडे कुठं मिळत नाही?"

"मिळत नाही, साहेब," बाबा म्हणाले. "तीस दुकानं फिरलात तरी नाही."

"आणि मला तर हवंच आहे. कितीही महाग झालं तरी. अलवचीक मागणी! अगदी पुस्तकातली!" सरांनी स्टूल ओढलं आणि बाह्या सरसावल्या. "बोला, आजोबा. माझा पहिला प्रस्ताव: चारही बटणांना मिळून एक चांगला पेन."

"मला लिहायचं कुणाला?"

"बरं. छत्री."

"मी बाहेर जात नाही."

"अहो, मग चढवा ना आणखी!" काका सरांच्या बाजूनं बसला. आत्या आबांच्या बाजूनं. "आबा, भाव पाडू नका हं," ती म्हणाली. आईनं पोस्टात जायला घातलेली चप्पल काढली आणि चहा टाकला. सरकारनं सुटी जाहीर केल्याचं ते लक्षण होतं. सरांनी मक्तेदारी समजावून सांगितली, आबांनी ती ऐकून भाव दुप्पट केला. सरांनी मग उत्साहाच्या भरात साठेबाजीही समजावली. आबांनी भाव आणखी वाढवला. असा विद्यार्थी सरांना आयुष्यात मिळाला नव्हता.

भिंगरीचं लक्ष सहज मागे गेलं. बाथरूमचं दार सताड उघडं होतं. रांगेत कुणी नव्हतं. सगळी मागणी खाटेभोवती बसून चहा पीत होती.

भाव शून्य, भिंगरीला कळलं. ती आत गेली आणि आयुष्यात प्रथमच मनसोक्त आंघोळ करून, वर केस विंचरून बाहेर आली. वाटाघाटी अजून चालूच होत्या.

"आजोबा," सर घामाघूम होऊन म्हणत होते, "तुम्हाला नक्की हवंय तरी काय? पेन नको, छत्री नको, पैसे नकोत. या बटणांचा तुम्हाला उपयोग काय?"

आबांनी खिसा चाचपला. "बटण दिलं की तुम्ही जाल," ते साधेपणानं म्हणाले. "हेही जातील. एरवी सकाळी मला काय दिसतं? सगळ्यांच्या पाठी. गेले चार दिवस सगळे तोंडं इकडं करून बसतायत."

काका नाक ओढत म्हणाला, "आबा, पण मी तर रोज जाताना बाय म्हणतो."

"तू आरशात बघून म्हणतोस. पाठीमागचं ट्रॅफिक बघतोस तसा."

"शेवटचा प्रस्ताव," सर म्हणाले. त्यांचा आवाज आता शिकवतानाचा नव्हता. "तीन बटणं आज द्या. चौथं तुमच्याकडेच. दर रविवारी मी येणार आणि त्याचा भाव करणार. पटला नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा."

आबांनी पुष्कळ विचार केला. म्हणजे, केल्यासारखं दाखवलं. हात आधीच खिशात गेला होता. "लवकर पटणार नाही हं."

"मी तीच आशा धरून आहे," सर म्हणाले.

बाबांनी तीन बटणं अशा वेगानं लावली की सुई दिसली नाही. सरांनी कोट चढवला, ताठ झाले आणि म्हणाले, "पुरवठा." मग पुन्हा म्हणाले, "पुरवठा! मागणी, पुरवठा, समतोल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सरांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली आणि टाळ्या थांबल्या.

काकाची शिकाऊ गाडी दारात होती, पण गाडीत त्याची सकाळची विद्यार्थिनी आधीच चाकाशी बसली होती, डोळे गच्च मिटून. "ताई, डोळे उघडा आणि कॉलेजला घ्या," काका म्हणाला. ताईंनी डोळे उघडले आणि घेतली. वाटेत कासवाच्या चालीनं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं काठी टेकत त्यांना मागं टाकलं आणि वळून सहानुभूतीनं पाहिलं. सर मागच्या सीटवरून वैकल्पिक खर्च समजावत होते. म्हणजे काय, तर एक गोष्ट करताना दुसरी जी करायची राहून जाते, तीच पहिलीची खरी किंमत. "उदाहरणार्थ," ते म्हणाले, "आत्ता आपण चालत जाऊ शकलो असतो."

वर्गाचं दार बंद होतं.

सरांनी दार ठोठावलं. "जमादार, मी आहे."

आतून कर्तव्यदक्ष आवाज आला, "नऊ वाजून गेले."

"अरे, मी सर आहे!"

"आवाज ओळखीचा असला तरी नाही, असं सरांनीच सांगितलंय."

सरांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीनं फटीकडे बोट दाखवलं. "इथून बघा सर, अर्धा फळा दिसतो," ती समजुतीनं म्हणाली. सरांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एवढ्याशा फटीतून ही मुलगी इतके दिवस शिकत होती, हे त्यांना तेव्हा समजलं. ते सरळ झाले, कोटाची तीन बटणं लावली, जिथं चौथं नव्हतं तिथं हात फिरवला, आणि बगलेतून हजेरीचं पुस्तक काढलं.

"वर्ग म्हणजे चार भिंती नव्हेत," ते खड्या आवाजात म्हणाले, दाराला ऐकू जाईल असं. "शिक्षक जिथं, वर्ग तिथं. आजचा तास व्हरांड्यात. हजेरी घेतो."

त्यांनी तिचं खरं नाव पुकारलं.

"हजर!" भिंगरी म्हणाली. उत्तर नेहमीसारखं दाराबाहेरूनच आलं, आणि प्रथमच ते बरोबर ठिकाणाहून आलं.

"एक हजर," सर म्हणाले. "बाकी सगळे गैरहजर."

आत बाकं सरकल्याचे आवाज झाले. कुजबुज झाली, मग कुणीतरी कुणालातरी ढकललं. सरांनी डोळा मिचकावला. "आता बघ. आतापर्यंत आत असण्यात फायदा होता, आता बाहेर असण्यात आहे. माणसं तीच, दार तेच. फक्त फायदा हलला."

कडी करकरली. दार बोटभर उघडलं. फटीतून जमादाराचा एक कान दिसला, आणि त्याच्या मागं अर्धा वर्ग.

"सर," तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाहेर येऊ का?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग भिंगरीकडे.

"येऊ द्या सर," भिंगरी भिंतीला टेकत म्हणाली. "इथं जागेची टंचाई नाही."